शेतावरचा रास्पबेरी पाय पुण्याहून सुरक्षितपणे कसा गाठावा

प्रश्न असा आहे: तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेडमध्ये एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, बसवलाय. त्याला तापमान, आर्द्रता आणि पानं किती वेळ ओली राहतात हे मोजणारे सेन्सर जोडलेत, मोटारीच्या स्टार्टरला लावलेला रिले (कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आहे आणि शेजारी चार कॅमेऱ्यांचा एनव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा. इंटरनेट ४जी सिमच्या राऊटरवरून येतं. मुलगा पुण्यात नोकरीला, वडील गावात. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी आतल्या ठरलेल्या उपकरणाकडे वळवणं) करून पाहिलं, चाललं नाही. कॅमेरे बसवणाऱ्याने ‘डीएमझेड चालू करा, सगळं दिसेल’ असा सल्ला दिलाय. तर जगाला दार न उघडता पुण्याहून आत कसं जायचं, आणि रात्री लाइट आली की मोटार तिथूनच चालू करता येईल का? हे कायद्यात बसतं का, हेही विचारलंय.

(पुढे नुसतं ‘पाय’ म्हटलं की तो रास्पबेरी पाय समजावा. विभक्ती लावताना गोंधळ होतो, पण इलाज नाही.)

पोर्ट फॉरवर्डिंग चाललं नाही, हे एका अर्थी बरंच झालं. का चाललं नाही ते आधी पाहून घ्या. राऊटरच्या पानावर जाऊन त्याला मिळालेला वॅनचा (म्हणजे बाहेरच्या, कंपनीच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा, आणि त्याच राऊटरवरून ‘माझा आयपी काय’ सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही पत्ते वेगळे असतील, आणि राऊटरचा पत्ता १०.ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातल्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा १००.६४चा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. आयपीव्ही४चे (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचा पत्ता एकच असावा आणि पोस्टमनने पत्र दिंडीदरवाज्यात ठेवून निघून जावं, तसं हे आहे. तुम्ही तुमच्या खोलीचं दार कितीही उघडं टाकलं तरी दिंडीदरवाज्याची किल्ली तुमच्याकडे नाही. म्हणून राऊटर बदलून, यूट्यूब चॅनल पाहून, चार तास घालवून काहीही होणार नाही. आयपीव्ही६चा पत्ता मिळत असेल, पण तो बदलत राहतो, आणि मोबाइल नेटवर्क बाहेरून आलेलं काही आत सोडेलच याचा भरवसा धरता येत नाही.

डीएमझेडचा सल्ला मात्र विसरून जा. उद्या ब्रॉडबँड आलं आणि खरा सार्वजनिक पत्ता मिळाला, तरीही. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाच्या अंगावर सोडणं, आणि ते उपकरण म्हणजे तुमचा एनव्हीआर, ज्याचं फर्मवेअर बसवल्या दिवसापासून कोणी अपडेट केलेलं नसतं. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने नेमकं हेच पकडलं होतं. कारखान्यातून येताना असतात त्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या घेऊन तो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर शोधत फिरायचा. त्या फौजेने ऑक्टोबर २०१६मध्ये डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला केला तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या साइट काही तास बंद पडल्या. त्यातले बरेच कॅमेरे तुमच्याआमच्यासारख्यांच्या दुकानांवर आणि शेडवर लावलेले होते, मालकांना पत्ताही नव्हता. पोर्टचा नंबर बदलून लपता येत नाही, कारण सगळे पोर्ट तपासत फिरणारी यंत्रं अहोरात्र चालू असतात.

मग करायचं काय? बाहेरून आत यायचा नाद सोडायचा आणि पायलाच आतून बाहेर फोन करायला लावायचा. सीजीनॅट बाहेरून आलेलं अडवतं, पण आतून बाहेर गेलेल्या संवादाचं उत्तर परत येऊ देतं. पाय एका ठरलेल्या ठिकाणी जोडणी करून ती जिवंत ठेवतो, तुमचा लॅपटॉपही त्याच ठिकाणी येतो, आणि मधल्या वाटेने दोघं भेटतात. जगाच्या दृष्टीने तुमच्या शेतावर एकही पोर्ट उघडा नसतो.

याचे आज दोन सरळ मार्ग आहेत: वायरगार्ड (दोन यंत्रांमध्ये कूटबद्ध खाजगी वाट, म्हणजे व्हीपीएन किंवा टनेल, टाकणारा प्रोग्रॅम) स्वतः मांडायचं, किंवा टेलस्केल ही तयार सेवा वापरायची. टेलस्केलच्या पोटातही वायरगार्डच आहे, फक्त किल्ल्या वाटायचं आणि दोन उपकरणांची गाठ घालून द्यायचं काम त्यांचा सर्व्हर करतो. तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. टेलस्केलने सुरुवात करा. वायरगार्डसाठी बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. महिन्याचे चार-पाचशे रुपये हा प्रश्नच नाही, पण त्या सर्व्हरला खरा सार्वजनिक पत्ता असतो आणि त्याची निगा तुम्हालाच राखायची असते. दर महिन्याला अपडेट करायची शिस्त नसेल, तर शेडचं दार बंद करून तुम्ही नाक्यावर दुसरं दार उघडलंत, इतकंच. ज्यांना हे काम आवडतं त्यांनी जरूर करावं. मी स्वतः करतो, पण माझा तो धंदा आहे.

टेलस्केल बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. पायवर, लॅपटॉपवर, फोनवर घाला, एकाच खात्याने लॉगिन करा, सगळ्यांना १००.ने सुरू होणारे पत्ते मिळतात आणि एकमेकांना दिसू लागतात. घरगुती वापराला फुकटची योजना पुरते. पण तीन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली म्हणजे किल्लीची मुदत. टेलस्केलमध्ये प्रत्येक उपकरणाची किल्ली साधारण १८० दिवसांनी संपते आणि त्या उपकरणावर पुन्हा लॉगिन करावं लागतं. लॅपटॉपला हे योग्यच आहे. शेडमधल्या पायला नाही. जूनमध्ये बसवलेला पाय डिसेंबरात, ऐन घड भरत असताना, एका सकाळी गप्प होतो आणि लोक रेंजला शिव्या घालत बसतात. व्यवस्थापन पानावर जाऊन फक्त त्या पायची मुदत बंद करा. त्याच दिवशी करा, नंतर आठवणार नाही.

दुसरी, खातं. टेलस्केलमध्ये तुम्ही गुगल किंवा तशाच एखाद्या खात्याने शिरता. म्हणजे त्या जीमेलचा पासवर्ड हाच शेताच्या मोटारीचा पासवर्ड झाला. त्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी नसेल तर बाकीचं सगळं वाया. वडिलांच्या फोनवर तुमचं खातं टाकून देऊ नका, त्यांना स्वतःच्या खात्याने जोडून घ्या. फोन एसटीत राहिला तर तेवढा एक फोन यादीतून काढता आला पाहिजे.

तिसरी, डायरेक्ट आणि रिलेमधला फरक. दोन्ही बाजूंना कडक नॅट (सीजीनॅटसारखी, एका पत्त्यामागे अनेकांना बसवायची सोय) असेल तर दोन उपकरणांची थेट गाठ पडत नाही आणि माहिती कंपनीच्या रिले सर्व्हरवरून जाते. हा रिले आणि मोटारीचा रिले यांचा संबंध नाही. माहिती तेव्हाही टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धच असते, त्याची काळजी नको. पण वेग पडतो. सेन्सरचे आकडे आणि मोटारीच्या आज्ञा आरामात जातात, कॅमेरा अडखळतो. ‘टेलस्केल स्टेटस’ पाहिलं की कुठली जोडणी थेट आहे आणि कुठली रिलेवरून, ते लिहून येतं.

आता वायरगार्ड, ज्यांना स्वतः मांडायचंय त्यांच्यासाठी. जेसन डोनेनफेल्डने लिहिलेलं हे प्रकरण मार्च २०२०मध्ये लिनक्स कर्नलच्या (पायवरच्या प्रणालीच्या गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीत सामील झालं, त्यामुळे आजच्या पायवर ते जवळजवळ आयतंच असतं. मूळ कोड चार हजार ओळींच्या आसपास, म्हणजे एका माणसाला वाचून संपवता येईल इतका. जुन्या व्हीपीएनबद्दल असं कधी म्हणता आलं नाही. त्याचा मला सर्वात आवडणारा गुण म्हणजे मौन. ओळखीची किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, ‘चुकीचा पासवर्ड’ असंसुद्धा नाही. बाहेरून चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (कुठली जोडणी आत सोडायची ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात) तेवढा उघडायचा.

प्रत्येक उपकरणावर किल्ल्यांची जोडी तयार करायची. खाजगी किल्ली त्या उपकरणाबाहेर जाऊ द्यायची नाही. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे मी पाहिलेत. फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरला द्यायची. टनेलमधले पत्ते १०.४७.०.१, २, ३ असे काहीतरी घ्या. पायच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (वाट जिवंत ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं रिकामं पाकीट, म्हणजे पॅकेट) २५ सेकंद ठेवा, म्हणजे सीजीनॅट ती वाट विसरणार नाही. डेटा किती खाईल अशी भीती वाटते, तर हिशेब सोपा आहे. दिवसाला ३४५६ पाकिटं, प्रत्येक ६० बाइटचं. महिन्याला सहा-सात एमबी. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारी फुलांची चित्रं याहून जास्त खातात.

‘अलाउड आयपीज’मध्ये (टनेलमधून कुठल्या पत्त्यांची वाहतूक जाईल त्या यादीत) पायच्या बाजूला फक्त टनेलचा पट्टा लिहा. बरेच नमुने तिथे शून्य-शून्य-शून्य-शून्य लिहितात, म्हणजे पायचं सगळंच इंटरनेट टनेलमधून जातं. त्याने काय होतं ते नीट सांगतो. ही अडचण मला एकदा दोन दिवस खाऊन गेली होती आणि तिचं कारण फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं सापडतं.

वायरगार्डच्या पहिल्या हस्तांदोलनात (जोडणी सुरू करताना ओळख पटवायच्या संदेशात) पाठवणाऱ्याची वेळ लिहिलेली असते. सर्व्हर प्रत्येक किल्लीची शेवटची पाहिलेली वेळ लक्षात ठेवतो आणि त्याहून जुनी वेळ आली तर ते पाकीट गुपचूप टाकून देतो. कोणी जुनं पाकीट पकडून पुन्हा पाठवू नये, यासाठीची ही सोय. पण पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाय ५मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. लाइट गेली की पाय मेमरी कार्डवर शेवटची नोंदवलेली वेळ धरून उठतो, म्हणजे घड्याळ मागे पडलेलं असतं. मग तो नेटवरून वेळ विचारतो आणि दुरुस्त होतो. इथवर ठीक. पण सगळं इंटरनेट टनेलमधून वळवलेलं असेल तर वेळ विचारायलाही टनेल हवा, आणि टनेल उभा राहायला वेळ बरोबर हवी. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. बरं, सर्व्हर गप्प, पाय गप्प, कुठेही चुकीची नोंद नाही. सर्व्हरवरचं वायरगार्ड बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत होतं, कारण ती लक्षात ठेवलेली वेळ पुसली जाते. त्यामुळे लोक समजतात सर्व्हर खराब आहे. खराब काहीच नाही. टनेलमध्ये फक्त टनेलचा पट्टा टाका, वेळ विचारायची वाट मोकळी ठेवा, आणि शक्य असेल तर दोन-तीनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल पायला जोडा. दिवसातून दोनदा लाइट जाणाऱ्या ठिकाणी ते घेतलंच पाहिजे.

त्याच जातीची आणखी एक. सर्व्हरचा पत्ता नावाने लिहिला असेल तर वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होताना एकदा शोधतं. लाइट आल्यावर पाय अर्ध्या मिनिटात उठतो, ४जी राऊटरला नेटवर्क धरायला दीड-दोन मिनिटं लागतात. नाव सापडत नाही, सेवा नापास होते आणि तशीच पडून राहते. भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता बदलत नाही, तेव्हा थेट आकडाच लिहा.

आणि एक लक्षण पाठ करून ठेवा: लॉगिन होतं, छोट्या आज्ञा चालतात, पण मोठी यादी मागितली किंवा कॅमेरा उघडला की सगळं गोठतं. हा एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, आजार. वायरगार्ड १४२० धरतं, मोबाइल नेटवर्कवर कधी तेवढी जागा मिळत नाही. १२८० करून बघा.

एनव्हीआरकडे येऊ. त्याला इंटरनेटवर ठेवायचंच नाही, बाहेर जायलाही नाही. पायला दोन हात आहेत, वायफाय आणि केबलचं पोर्ट. वायफायने राऊटरला जोडा, केबलने एनव्हीआरला. एनव्हीआरला १९२.१६८.४७.१० असा हाताने पत्ता द्या, गेटवेचा (बाहेर जायच्या वाटेचा) रकाना रिकामा सोडा, त्याची क्लाउडची सोय बंद करा. आता तो पायशिवाय कोणालाच ओळखत नाही. ४७ मुद्दाम घेतलं. बहुतेक राऊटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वापरतात, आणि पुण्यातल्या घरी तोच पट्टा असला की लॅपटॉपला शेतावरचं कुठलं आणि घरातलं कुठलं कळत नाही. वर टनेलला १०.४७ घेतलं तेही याचसाठी. टेलस्केलमध्ये पायला ‘सबनेट राऊटर’ (मागच्या उपकरणांपर्यंत नेणारा मध्यस्थ) केलं की १९२.१६८.४७चा पट्टा तुम्हाला पुण्यात दिसतो. पुढे जाणारी पाकिटं पाय स्वतःच्या पत्त्याने पाठवतो, म्हणून गेटवे नसलेला एनव्हीआरही उत्तर देऊ शकतो. पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेली पाकिटं पुढे पाठवायची परवानगी) दोन्ही मार्गांत चालू करावं लागतं. स्वतःच्या वायरगार्डमध्ये हे नॅटही तुम्हाला हाताने करावं लागतं, आणि तो पट्टा लॅपटॉपच्या बाजूला व सर्व्हरवर पायच्या नावापुढे ‘अलाउड आयपीज’मध्ये लिहावा लागतो. पाहताना मुख्य चित्र न घेता सबस्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) घ्या. अर्धा एमबीपीएस धरला तरी तासाला सव्वादोनशे एमबी जातात.

एसएसएचबद्दल (दूरवरून पायवर शिरून आज्ञा द्यायच्या सोयीबद्दल) थोडक्यात, कारण यावर भरपूर लिहिलं गेलंय. ईडी२५५१९ प्रकारची किल्ली लॅपटॉपवर बनवा, तिला परवलीचं वाक्य द्या, ती पायवर चढवा, त्या किल्लीने शिरता येतंय हे पाहा आणि मगच पासवर्डने लॉगिन बंद करा. क्रम उलटा केला की शेतावर फेरी ठरलेली. टनेलच्या आत असूनही हे का करायचं, असं विचारतात. कारण टनेलमध्ये उद्या वडिलांचा फोन असेल, परवा भावाचा लॅपटॉप, आणि त्यातल्या कशात काय शिरलंय ते तुम्हाला माहीत नसतं. एक खबरदारी: एसएसएचला ‘फक्त टनेलच्या पत्त्यावर ऐक’ असं सांगू नका. ऐकायला सुंदर वाटतं, पण बूट होताना टनेल अजून उभा नसेल तर एसएसएच सुरूच होत नाही. ते सगळीकडे ऐकू द्या आणि अडवायचं काम फायरवॉलवर सोपवा. फायरवॉलमध्ये टनेलखेरीज शेडमधल्या वायफायची बाजूही एसएसएचला मोकळी ठेवा. कधीतरी तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसावंच लागतं.

चोरीचाही विचार करा. जिथे मोटारीची केबल रातोरात कापून नेतात, तिथे पाय कोण सोडेल? त्याच्या कार्डावर त्याची खाजगी किल्ली आहे. म्हणून नियम असा ठेवा की तुमची उपकरणं पायकडे जाऊ शकतात, पाय तुमच्या उपकरणांकडे जाऊ शकत नाही. टेलस्केलमध्ये हे परवानग्यांच्या पानावर लिहिता येतं, वायरगार्डमध्ये सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये. चोरी झाली की त्या एका किल्लीची नोंद काढा, बाकी कशाला हात लावायला नको.

आता मोटार. इथे मी जरा कडक बोलणार आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज आठवडा पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्री दोनला उठून विहिरीवर जाणं काय असतं, बिबट्याची धास्ती काय असते, ते मला माहीत आहे, म्हणून दूरवरून मोटार चालू करायची इच्छा मी समजू शकतो. पण तुमच्या या मांडणीतला सर्वात मोठा धोका रशियातला हॅकर नाही. वडील मोटारीत हात घालून बसलेत आणि तुम्ही पुण्यात बटण दाबलंत, हा आहे. म्हणून स्टार्टरच्या पेटीवर ‘हात / बंद / ऑटो’ असा तीन जागांचा फिरता स्विच वायरमनकडून बसवून घ्या. ‘बंद’वर असताना पायने काहीही केलं तरी मोटार सुरू होता कामा नये, आणि हे तारेने झालं पाहिजे, प्रोग्रॅमने नाही. ओव्हरलोड रिले, सिंगल फेजिंगचं संरक्षण, विहिरीतलं पाणी संपल्यावर थांबवणारी सोय, हे सगळं स्टार्टरमध्येच राहू द्या. पायचं काम फक्त विनंती करणं. रिले अशा तऱ्हेने जोडा की पाय बंद पडला, रीबूट झाला किंवा जळाला तर संपर्क उघडाच राहील. आणि प्रत्येक आज्ञेला मुदत द्या. ‘चालू कर’ ही आज्ञा रेंज नसल्याने कुठेतरी अडकली आणि चाळीस मिनिटांनी पोचली, तर पायने ती फेकून दिली पाहिजे. चालू केलेली मोटार किती वेळाने थांबायची हेही पायनेच मोजावं. तुमची ‘बंद’ची आज्ञा पोचेलच असं धरू नका.

नंतरच्या कामात दूरवरून फायरवॉल बदलायची वेळ येईलच. पूर्वी एका शीतगृहाचं काम माझ्याकडे होतं. रात्री अकरा वाजता एक ओळ बदलली, आणि त्याच ओळीने मला बाहेर काढलं. वॉचमनला फोन लावला, म्हटलं, तो काळा डबा आहे ना, त्याची पिन काढा, दहा मोजा, परत लावा. त्याने प्रामाणिकपणे एक काळा डबा शोधला आणि पिन काढली. तो कॉम्प्रेसरचा कंट्रोलर होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक उपकरणाच्या पिनेला लाल चिकटपट्टी असते आणि भिंतीवर मार्करने मराठीत तीन ओळी लिहिलेल्या असतात. आणि दूरवरून नेटवर्कला हात लावण्याआधी मी दहा मिनिटांनी जुनी फाइल परत बसवून रीबूट करणारं काम लावून ठेवतो. बदल नीट झाला तर ते काम रद्द करायचं. नाही झाला तर चहा पिऊन यायचं, तोवर यंत्र पूर्वपदावर आलेलं असतं.

याच कारणासाठी आत जायच्या वाटा दोन असाव्यात, आणि एका वेळी एकीलाच हात लावावा. टेलस्केल मुख्य असेल तर दुसरी वाट म्हणून साधं वायरगार्ड, किंवा उलट. दुसऱ्या वाटेचा सर्व्हर सांभाळणं जमणार नसेल, तर निदान सगळं नीट चालू असतानाच्या कार्डची प्रत काढून पिशवीत घालून वडिलांकडे द्या. फोनवर ‘कार्ड बदला’ एवढं सांगता येतं. ती प्रत सहा महिन्यांनी लावली तर घड्याळ सहा महिने मागे असेल. वर वेळेची जी भानगड सांगितली ती इथेही येते, आणि नेटवरून वेळ विचारायची वाट मोकळी असेल तर आपोआप सुटते.

कायद्याबद्दलही विचारलंय: असा खाजगी व्हीपीएन चालतो का? चालतो. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचं बंधन आहे, पण ते लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांवर. स्वतःच्या दोन यंत्रांमध्ये टनेल टाकणारा त्यात येत नाही.

इतक्या वर्षांत मी पाहिलेली बहुतांश ‘हल्ल्या’ची प्रकरणं सिमचा रिचार्ज संपल्याची निघाली. डेटाच्या सिमवर येणारे आठवणीचे मेसेज राऊटरच्या पोटात पडून राहतात, कोणी वाचत नाही. पॅकची तारीख स्वतःच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. दुसरं कारण वीज. पाय आणि राऊटर मिळून दहा वॅटच्या आसपास खातात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास, त्यातले निम्मे वापरायचे म्हटलं तरी चार तास मिळतात. अचानक लाइट जाऊन कार्ड खराब होणं त्याने बरंच टळतं. पायला दर पाच मिनिटांनी ‘मी आहे’ असा निरोप पाठवायला लावा आणि अर्धा तास निरोप आला नाही तर तुमच्या फोनवर कळू द्या. पायमध्ये हार्डवेअर वॉचडॉग आहे, तोही चालू करा. प्रणाली गोठली की पंधरा सेकंदांत तो स्वतःच रीबूट घडवतो.

मांडणी शेतावर बसूनच करा, एका शनिवारी. लॅपटॉप शेडच्या वायफायवरून काढून स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या, म्हणजे तुम्ही तिथे बसूनच पुण्यात असल्यासारखे होता. आत शिरा, कॅमेरा पाहा, स्विच ‘बंद’वर ठेवून मोटारीची आज्ञा द्या आणि काही होत नाही हे डोळ्यांनी बघा. मग सगळ्याची पिन उपटा, बॅटरीसकट. पंधरा मिनिटं थांबून लावा आणि कशालाही हात न लावता पाय परत भेटतो का ते पाहा. भेटला तर पुन्हा एकदा उपटा, या वेळी राऊटर पायच्या नंतर पाच मिनिटांनी लावून.